हळदीचे बेडूक

परभणीहून रेल्वेनं जालन्याच्या बाजूला निघालं, की मानवत रोड लागतं आणि मग सेलू. खिडकीतून दोन्ही बाजूंना नुसती काळीभोर जमीन. जूनमध्ये नांगरून तापत पडलेली, ऑगस्टात सोयाबीन आणि कापसानं झाकलेली. डोंगर नाहीत, समुद्र नाही, धबधबे नाहीत. मामाच्या गावाहून परत आलेली मुलं मला सांगतात, ‘‘मॅडम, तिकडं लई बघायला आहे, आपल्याकडं कायबी नाही.’’ मग मी त्यांना ‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ ही म्हण ऐकवते. ती हसतात, पण पटत नाही त्यांना.

दोस्तांनो, मी सेलू तालुक्यातल्या एका लहानशा गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या गावात प्रेक्षणीय स्थळ म्हणावं असं काहीच नाही. वेशीबाहेर एक डबरं आहे, बस्स! रस्त्याचं काम निघालं होतं तेव्हा तिथून मुरूम काढला. रस्ता झाला, खड्डा तसाच राहिला. उन्हाळ्यात त्यात पोरं क्रिकेट खेळतात आणि पावसाळ्यात म्हशी बसतात. आज मी तुम्हांला या डबऱ्याची सहल घडवणार आहे. नाकं मुरडू नका, आधी ऐका तर!

गोष्ट २०२३ सालची. जून कोरडा चालला होता. चौथीच्या वर्गातल्या एका मुलानं मधल्या सुट्टीत वडिलांचा मोबाइल आणून मला एक प्राणी दाखवला. गुलाबी-पांढरा रंग, डोक्याच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांसारखे झुपके, आणि तोंड असं, की जणू गालातल्या गालात हसतोय.

‘‘मॅडम, हे ॲक्सोलॉटल. आपल्या वर्गात पाळू ना! काचेच्या पेटीत ठेवायचं, गांडूळ खाऊ घालायचं.’’

सगळा वर्ग माझ्याभोवती गोळा. आता काय सांगावं?

मला माहीत होतं तेवढं सांगितलं. ॲक्सोलॉटल हा मेक्सिकोचा. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला सोचिमिल्को नावाचा तळ्याचा आणि कालव्यांचा भाग आहे, तिथला तो. ते लाल झुपके म्हणजे त्याचे कल्ले. बेडकाच्या पिल्लाला जसे लहानपणी कल्ले असतात आणि पुढं जातात, तसे खरं तर याचेही जायला हवेत. पण हा पठ्ठ्या जन्मभर पिल्लूच राहतो! पिल्लाच्या रूपातच अंडी घालतो आणि पिल्लाच्या रूपातच म्हातारा होतो. १८६४ साली काही ॲक्सोलॉटल पॅरिसला पोचले. त्यांच्या पिल्लांतल्या काहींचे कल्ले पुढच्या वर्षी गळून गेले आणि ती चक्क जमिनीवर चालायला लागली. तिथले शास्त्रज्ञ चक्रावूनच गेले! पुढं कळलं, की गळ्याजवळच्या ग्रंथीत तयार होणाऱ्या थायरॉक्सिन या रसाची ही करामत. तो पुरेसा मिळाला, की पिल्लाचं रूप बदलतं. ॲक्सोलॉटलच्या अंगात तो फार कमी असतो.

‘‘आणि गुलाबी कामून हाय?’’

प्रश्न चांगला होता. रानातला ॲक्सोलॉटल गुलाबी नसतोच. तो असतो काळपट हिरवा-तपकिरी, चिखलात दिसू नये असा. पॅरिसला गेलेल्या त्या ॲक्सोलॉटलांत एक पांढरा होता. माणसानं काचेच्या पेटीत त्याचा वंश वाढवला. सोचिमिल्कोच्या पाण्यात असा गुलाबी जीव बगळ्याच्या नजरेतून किती दिवस सुटेल, सांगा बरं? तिथं तर आता साधे काळेसुद्धा दिसेनासे झालेत. १९९८ साली तिथं एका चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते, २०१४ च्या मोजणीत उरले ३६. मेक्सिकोनं २०२१ साली आपल्या ५० पेसोच्या नोटेवर त्याचं चित्र छापलं, पण नोटेवरच्या पाण्यात राहून कुणाचं भागत नाही.

‘‘त्याला पाणी थंड लागतं,’’ मी म्हणाले. ‘‘सोळा ते अठरा अंश. आणि परभणीत मे महिन्यात किती असतं?’’

‘‘चव्वेचाळीस!’’ सगळे एकदम ओरडले. या बाबतीत आमची मुलं पक्की आहेत.

‘‘मग रोज बर्फाची लादी कोण आणणार? शिवाय असा परदेशी प्राणी पाळायचा तर सरकारकडं नोंद करावी लागते.’’

मोबाइलवाल्याचं तोंड एवढंसं झालं. मी म्हणून टाकलं, ‘‘थोडं थांब. पाऊस पडू दे. याचे भाऊबंद आपल्याच गावात येणार आहेत.’’ म्हणाले खरी, पण पाऊसच येईना. रोज सकाळी ते पोरगं विचारायचं, ‘‘मॅडम, कवा येणार?’’

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात एका रात्री तो आला. असा कोसळला, की पत्र्याच्या आवाजात शेजारी बोललेलं ऐकू येईना. पहाटे पाऊस थांबला, आणि मग दुसरा आवाज सुरू झाला. कुणीतरी लांबवर मोठ्या घागरीत तोंड घालून हाका मारतंय, असा. एक नाही, दोन नाही, पन्नास घागरी!

शाळा भरायच्या आधीच मुलं मला बोलवायला दारात. ‘‘मॅडम, चला, डबऱ्यावर कुणीतरी बेडकांना रंग दिलाय!’’

मी गेले. आणि काय सांगू? गढूळ, चहासारख्या पाण्यात तळहाताएवढे मोठे बेडूक, आणि रंग पिवळाधम्मक! लिंबाचा नाही, शेवंतीचा म्हणा. ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना फुगे फुगायचे, ते निळे. शाईसारखे निळे! एकमेकांना ढकलत होते, अंगावर उड्या मारत होते. त्यांच्यात काही मोठ्या, मळकट हिरव्या रंगाच्या बेडक्या गपचूप बसलेल्या होत्या. नुसतं बघत राहावं असं ते दृश्य होतं. काठावर शेळ्या घेऊन आलेल्या एक आजी म्हणाल्या, ‘‘हळदीचे नवरदेव हायत ते, पोरांनो. आज त्यांचं लगीन.’’

आजी शाळेत गेलेल्या नाहीत, पण पाठ्यपुस्तकात यापेक्षा चांगलं वाक्य मला अजून सापडलेलं नाही. कारण खरोखर तसंच असतं. हा आपला मोठा बेडूक, शास्त्रज्ञ त्याला ‘होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस’ म्हणतात. एरवी तो हिरवट-तपकिरी, अंगावर गडद ठिपके, पाठीवर बहुतेक वेळा एक फिकट रेघ. गवतात बसला तर पाय पडेपर्यंत दिसत नाही. पण पहिल्या मोठ्या पावसात, अंडी घालायच्या वेळी, नर पिवळे होतात. फक्त नर.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वह्या घेऊन गेलो, तर नवरदेव गायब! चार-पाच बेडूक होते, पण मळकट.

‘‘रंग धुऊन गेला वाटतं,’’ एक मुलगी म्हणाली.

धुऊन जायला तो वरून लावलेला नव्हताच. बेडकाच्या कातडीत रंगाच्या पेशींचे थर असतात. वरच्या थरात पिवळा रंग, त्याच्याखाली आरशासारखे चमकणारे बारीक कण असलेल्या पेशी, आणि सगळ्यांत खाली काळ्या रंगाच्या पेशी. त्या काळ्या पेशींमधले कण पसरले, की अंग काळवंडतं; ते मध्ये गोळा झाले, की वरचा पिवळा उघडा पडतो. मी फळ्यावर हे समजावताना खडूची पूड आधी पसरली, मग बोटानं एका जागी गोळा केली. तेवढ्यानं पटकन कळलं.

हे गोळा व्हायला सांगतं कोण? व्हिएन्ना शहरातल्या संशोधकांनी असेच पिवळे होणाऱ्या आशियाई भेकांवर काम केलं. २०२२ साली त्यांनी लिहिलं, की ॲड्रेनलिन आणि त्याचा भाऊ नॉरॲड्रेनलिन हे रस मिळाले, की नर काही मिनिटांत पिवळे होतात. परीक्षेचा पेपर हातात आला, की आपलं काळीज धडधडतं ना, ते याच ॲड्रेनलिनमुळं. आपण घाबरून पांढरे पडतो, हा आनंदानं पिवळा पडतो! आणि कशासाठी? शास्त्रज्ञांना वाटतं, की त्या एका रात्रीच्या गर्दीत नर कोण आणि मादी कोण हे चटकन ओळखू यावं म्हणून. गर्दी ओसरली, की पिवळं राहणं धोक्याचं. घार, बगळा, साप, सगळ्यांना दिसणार. म्हणून पुन्हा मळके कपडे.

पाण्यावर मात्र एक खूण राहिली होती. तेलाचा तवंग यावा तशी पातळ साय, आणि तिच्यात काळे ठिपके. ती अंडी. दोन दिवसांनी ठिपक्यांना शेपट्या फुटल्या. पुस्तकात त्यांना भैकेर म्हणतात, आमच्याकडं बेडूकमासे.

आता मोबाइलवाल्यानं हट्ट धरला, की हे तरी वर्गात नेऊ. मी नाही म्हटलं. बेडूक हा काही मांजराचं पिल्लू नव्हे. या जातीला कायद्यानं संरक्षण आहे, आणि त्यामागं गोष्ट आहे. एके काळी आपल्या देशातून बेडकांचे पाय गोठवून परदेशी खाण्यासाठी जायचे. लाखो बेडूक मेले. शेतातले किडे खाणारेच गेले, तर शेताचं काय, अशी ओरड झाली आणि १९८७ साली ही निर्यात बंद झाली. म्हणून आम्ही ठरवलं, की बेडूकमासे वर्गात येणार नाहीत, वर्ग डबऱ्यावर जाईल. रोज शेवटचा तास.

पहिला प्रश्न खाण्याचा. मुलांनी घरून काय काय आणलं! भाकरीचा चुरा, भाताची शितं, शिजवलेली पालक. एकीनं शेव आणली होती, ती वाटेतच संपली. बारीक तपकिरी बेडूकमासे पालकाला येऊन चिकटले. पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ती मोठ्या बेडकाची पिल्लं तिकडं फिरकेनात. मग एका मुलानं शाळेच्या हौदातलं तांब्याभर पाणी आणून ओतलं. त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. आणि झुंबड! दोन मिनिटांत तांब्याभर अळ्या फस्त. ही पिल्लं शाकाहारी नाहीतच, शिकारी आहेत. त्या आठवड्यात आमच्या पोरांनी गावातला एकेक रांजण आणि हौद पालथा घातला. आरोग्यसेविका ताईंना वाटलं, की मी डेंग्यूची मोहीम काढली आहे. मीही तसं वाटू दिलं!

डबऱ्यात आणखी एक जात होती, काचेसारखी आरपार. पोटातलं वळण आणि डोळ्यांचे दोन ठिपके एवढंच दिसायचं, बाकी पाणीच. ती पाण्याच्या मधोमध नुसती तरंगत असायची. ही एका नखाएवढ्या, पाठीवर नक्षी असलेल्या बेडकाची पिल्लं. एक मुलगी रोज ती मोजायची. पांढरी ताटली पाण्यात बुडवायची, हळूच वर आणायची, मोजायची आणि सोडून द्यायची. सोमवारी ताटलीत २२ आली, बुधवारी १५, शुक्रवारी ४. ती रडायला लागली. ‘‘आपण अळ्या घालतो तरी ते ह्यांना खायलेत.’’

मी काय बोलणार? शिकाऱ्याला अळ्या घालून आपण त्याला लवकर मोठं केलं आणि त्यानं आरपार पिल्लं गिळली, असंही असेल. अळ्या घालणं आम्ही बंद केलं. तरी आरपारवाली कमी होतच राहिली. मग शिकारी पिल्लं एकमेकांनाही खायला लागली. भावाला भाऊ! वर्गात त्या दिवशी बराच वेळ कुणी बोललं नाही.

रंगाचा प्रयोग त्याच आठवड्यातला. एक पांढरा इनॅमलचा ट्रे आणि एक काळं घमेलं. दोन्हीत डबऱ्याचंच पाणी, आणि प्रत्येकात दहा तपकिरी बेडूकमासे. लिंबाच्या सावलीत तासभर ठेवले. तासानं पाहिलं, तर ट्रेमधले फिकट, पिवळसर झालेले; घमेल्यातले काळे. वर्गात एक शंकेखोर आहे (तुमच्याही वर्गात असेलच). तो म्हणाला, ‘‘आधीच तसले उचलले असतील.’’ बरोबर आहे त्याचं! मग आम्ही ट्रेमधले घमेल्यात टाकले, घमेल्यातले ट्रेमध्ये. आणखी एक तास. तेवढ्यात शाळा सुटायची घंटा झाली, पण कुणी हललं नाही. रंगांची पुन्हा अदलाबदल! शंकेखोर स्वतःच ओरडला, ‘‘झाले, झाले!’’ ॲक्सोलॉटलही असंच थोडंफार करतो, खालची जमीन गडद असेल तर गडद होतो. पण तो सावकाश. या बाबतीत परभणीनं मेक्सिकोवर मात केली, असं आम्ही जाहीर करून टाकलं. मग सगळे पाण्यात परत.

आणि ऑगस्ट लागला.

२०२३ चा ऑगस्ट मराठवाड्यातल्या कुणाला विसरता येणार नाही. पावसानं दडी मारली ती मारलीच. सोयाबीन फुलात आलेलं आणि आभाळ कोरडं ठणठणीत. माणसं रोज सकाळी वर बघायची आणि काही न बोलता खाली बघायची. डबऱ्याचं पाणी दर दिवशी हातभर मागं सरकायला लागलं. काठाला भेगा पडल्या. बेडूकमाशांना मागचे पाय फुटले होते, पुढचे अजून नव्हते. कल्ल्यांवर जगणारा जीव, पाणी संपलं तर संपला.

त्यातच एके सकाळी काठाजवळ काही पिल्लं पोट वर करून तरंगताना दिसली. पाण्यावर पांढरट फेस होता आणि वास येत होता. कुणीतरी फवारणीचा पंप डबऱ्यात धुतला होता. कोणी, ते मुलांना चिखलातल्या चपलेवरून लगेच कळलं. त्यांच्यातल्याच एकाचे वडील. तो मुलगा लालबुंद झाला, दिवसभर जेवला नाही. मी विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी तो येऊन एवढंच म्हणाला, ‘‘मॅडम, मी पप्पाला सांगितलं. ते म्हणले, मला काय माहीत तिथं तुमची शाळा भरती.’’

पंधरा ऑगस्टनंतर आम्ही जीपनं वालूरला गेलो. वालूर आमच्याच तालुक्यात आहे. तिथल्या बारवेबद्दल मुलांनी ऐकलं होतं. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. आपल्या परभणी जिल्ह्यात अशा जुन्या बारवा पुष्कळ. जिंतूर तालुक्यात चारठाण्यालाही आहे. पण वालूरच्या बारवेच्या पायऱ्या गोल गोल वळत, शंखासारख्या खाली जातात. अशी बारव क्वचितच पाहायला मिळते. कित्येक वर्षं ती कचऱ्यानं आणि झाडोऱ्यानं भरलेली होती. गावकऱ्यांनीच मिळून ती साफ केली, तेव्हा दगडांचं हे चक्र पुन्हा उघडं झालं. वरून पाहताना चक्कर येते आणि उतरताना गारवा लागतो. मुलं एकदम गप्प झाली. पाण्यात लहान, मातकट बेडूक हातपाय पसरून तरंगत होते. खडा पडला की बुडायचे नाहीत, पाण्यावरूनच टुणटुण पळायचे, जणू पाणी म्हणजे जमीन!

मोबाइलवाल्यानं पिशवीतून रिकामी बरणी काढली. ‘‘मॅडम, आपले बेडूकमासे इथं आणून सोडू. इथं पाणी आटत नाही.’’

त्याचा बेत आधीच ठरलेला होता तर! मला मोह झाला, खोटं कशाला सांगू? पण तेवढ्यात कुणीतरी ‘‘साप, साप!’’ म्हणून ओरडलं. पाणदिवड होती ती, बिनविषारी. पायरीच्या फटीतून निघाली आणि सरळ पाण्यात. शंकेखोर म्हणाला, ‘‘आणि आपले शिकारी इथल्या बेडकांची पिल्लं खातील त्याचं काय?’’ सगळ्यांनी काचेची पिल्लं मोजणाऱ्या मुलीकडं पाहिलं. ती म्हणाली, ‘‘नको.’’ बरणी पुन्हा पिशवीत गेली.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये वादच वाद. हापशाचं पाणी नेऊन ओतायचं? हापशावर बायकांच्या घागरींची रांग लागलेली, तिथं बेडकांसाठी बादली कोण भरू देईल? शेवटी एक साधा उपाय निघाला, तोही पंप धुणाऱ्या त्या वडिलांकडून. ते फावडं घेऊन आले. डबऱ्याचा सगळ्यांत खोल कोपरा त्यांनी आणखी दोन हात खणला. आजूबाजूचं उरलंसुरलं पाणी आणि पिल्लं त्या खड्ड्यात उतरली. वर मुलांनी पळसाच्या फांद्या टाकल्या, सावली व्हावी म्हणून. म्हशींना तिकडं येऊ न देण्याचं काम शेळ्यांवाल्या आजींनी घेतलं.

पुढचे दहा दिवस आमचा अभ्यास किती झाला हे साहेबांना सांगू नका. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे खड्ड्यात काठी बुडवून ओली खूण मोजणं. अठरा बोटं, पंधरा बोटं, अकरा बोटं. पुढचे पाय फुटले. तोंडं रुंद झाली. अंगावर हिरवट रंग चढला, पाठीवर ती फिकट रेघ उमटली. सात बोटं. आणि मग एका सकाळी फांदीवर एक अंगठ्याएवढा बेडूक बसलेला, मागं शेपटीचा तुकडा अजून तसाच!

त्यानंतरच्या तीन दिवसांत आम्ही ४१ मोजले. साय भरून अंडी होती, त्यातले ४१. आरपारवाल्यांपैकी एकही दिसला नाही. चौथ्या दिवशी खड्ड्यात नुसता चिखल होता. पाऊस सप्टेंबर लागल्यावर थोडाफार आला. सोयाबीन निम्मं गेलं होतं.

ती मुलं आता पाचवीत दुसऱ्या गावच्या शाळेत जाऊन पुढं सरकली आहेत. पुढच्या वर्षी पहिला मोठा पाऊस झाला, तेव्हा पहाटे माझ्या दाराची कडी वाजली. मोबाइलवाला होता, डोक्यावर युरियाचं पोतं, पायात चिखल.

‘‘मॅडम, लवकर चला. नवरदेव आले. अन् शेपटीवाला आपला वळखायचा कसा?’’